शिट्टी आणि खोडरबर

बिरादार सरांच्या गळ्यात एकाच दोरीला दोन वस्तू असायच्या, एक शिट्टी आणि एक खोडरबर. शिट्टीचं कळण्यासारखं होतं. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस लातूरला निलंगा रस्त्यालगत एक पडीक रान भाड्यानं घेऊन पोरापोरींकडून भरतीची तयारी करून घ्यायचा. खोडरबराचं मात्र मला पहिल्याच दिवशी कळलं. सरांनी पळायला लावायच्या आधी मला पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि फॉर्मची झेरॉक्स आणि शिसपेन्सिल हातात दिली. उंचीच्या रकान्यात मी एकशे साठ लिहिलं. त्यांनी मला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. भरली एकशे अठ्ठावन्न. मग गळ्यातलं खोडरबर पुढं करून म्हणाले, "पळणं मी शिकवतो. हे आधी नीट कर. कागदावर एकदा खोटं चढलं की ते उतरत न्हाई, बाळ."

दर शनिवारी तोच फॉर्म, पुन्हा पहिल्यापासून. पोरं मागून त्यांना रबर सुभेदार म्हणायची आणि ते त्यांना माहीतही होतं. गुडघा दुखत असताना लपवून पळणाऱ्या एका पोराला त्यांनी आठवडाभर नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. "दुखून राहिलं तर सांगायचं. खामखा मर्दानगी दाखवायची न्हाई," हे तर दिवसातून दहादा. चिडले की हिंदीत शिरायचे आणि माया आली की उदगीरकडच्या बोलीत परत यायचे.

त्या फॉर्मात एक रकाना होता. पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता का, हो की नाही. वर्षभर दर शनिवारी मी तेवढा रकाना कोरा सोडत आले. उंचीतले दोन सेंटिमीटर न सोडणाऱ्या सरांनी त्याबद्दल मला कधी हटकलं नाही. मला वाटायचं, नजरेतून सुटत असेल. देवाचे आभार मानून मी कागद उलटायची.

कारण माझं उत्तर 'हो' होतं. बारावीला मी डॉक्टर व्हायला म्हणून लातूरच्या होस्टेलवर राहिले, आणि तिथं माझं जेवण सुटलं, मग झोप सुटली. एके दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन बसले ती खाली उतरेना. मैत्रिणींनी अक्षरशः उचलून आणलं. आमच्या भागात एक रीतच आहे, लातूरकडच्यांनी डोक्याचा डॉक्टर नांदेडला गाठायचा आणि नांदेडकडच्यांनी लातूरला, म्हणजे दवाखान्याच्या पायरीवर कुणी ओळखीचं भेटत नाही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चाकूरला खताचं दुकान आहे, पंचक्रोशी त्यांना ओळखते. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक खबरदारी घेतली. केसपेपरवर सुजाता न लिहिता 'अश्विनी पाटील' लिहायला लावलं. दीड वर्ष अश्विनी पाटीलनं गोळ्या घेतल्या आणि मी बरी झाले. खरंच बरी झाले. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढं पदवी झाली, लेखी परीक्षा निघाली, भोपाळला लष्करी अधिकारीपदाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत निवड झाली. मैदानावर सरांनी स्वतः पेढे वाटले. आता फक्त मेडिकल बोर्ड राहिलं होतं, आणि तिथं तो रकाना शाईनं भरायचा होता.

अण्णा म्हणाले, सरळ 'नाही' लिही, अश्विनी पाटीलला विचारायला कोण जातंय? मला ते करवत नव्हतं. अधिकारी व्हायचं होतं, अगदी जीव तोडून व्हायचं होतं, पण पहिल्याच कागदावर खोटी सही करून नव्हतं व्हायचं. मी ठरवलं की 'हो' लिहायचं आणि सोबत बरी झाल्याचं सर्टिफिकेट जोडायचं. घरी न सांगता नांदेडची एसटी धरली.

दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडरनं हाक दिली, "माधव मोरे." कोपऱ्यात टोपी कपाळावर ओढून बसलेला माणूस उठला. बिरादार सर होते. ते आत जाऊन आले, फाईल काखेत धरली, आणि तेवढ्यात हाक आली, "अश्विनी पाटील." मी उठले. आम्ही समोरासमोर उभे. कुणी कुणाला काय विचारायचं?

डॉक्टर भले माणूस, पण त्यांनी हात वर केले. सर्टिफिकेट मिळेल, म्हणाले, पण रजिस्टरला जे नाव आहे त्याच नावाचं. म्हणजे आजारी पडले ती मी, आणि बरी झाली ती अश्विनी. आमच्या हुशारीनं आमचंच दार बाहेरून लावलं होतं. मी तिथंच रडले.

सर बाहेर थांबले होते. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. अहमदपूर मागं पडलं. मग सर खिडकीकडं बघतच सांगायला लागले. वरती सीमेवरच्या बर्फात त्यांचे दोन जोडीदार गेले होते, तेव्हापासून झोप उडाली. सुट्टीवर आले की मेहुण्याच्या नावानं गोळ्या घ्यायच्या आणि पलटणीत दर साली मेडिकलला त्या रकान्यात 'नाही' लिहायचं.

"सोळा साल 'नाही' लिहिलं, बाळ. कुणी पकडलं न्हाई, हाव, पण कुणी विचारलं बी न्हाई की बिरादार, कसा हायस. त्या 'नाही'च्या आत मी एकटाच बसून होतो."

मी विचारलं, मग मी काय लिहू? हा माणूस पोरांनी बुटाची लेस कशी बांधायची तेसुद्धा ठरवायचा. तो म्हणाला, "ते मी सांगायच्या लायकीचा न्हाई." माझा रकाना त्यांच्या नजरेतून कधीच सुटला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. चाकूरला मी उतरले, ते तसेच पुढं लातूरला गेले.

बोर्डासमोर मी 'हो' लिहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद मागितले. कागद दुसरीच्या नावाचे. अपात्र. अपील केलं, तिथंही तेच. त्या रात्री मी सरांना मनातल्या मनात फार शिव्या दिल्या. त्यांच्या त्या खोडरबरानं माझं वाटोळं केलं असं वाटत होतं.

घरी वेगळीच पंचाईत. निवडीचे पेढे तर चाकूरच्या सगळ्या गल्लीनंही खाल्लेले. अण्णांनी परस्पर सांगून टाकलं की पोरगी मेडिकलला डोळ्यात गेली, नंबर निघाला. मग डोळ्यात गेलेल्या पोरीला चष्मा नको का? त्यांनी शून्य नंबरचा, साध्या काचेचा चष्मा आणला. मी लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागले होते. चाकूरला जाताना स्टँडवर उतरायच्या आधी तो नाकावर चढवायचा, लग्नकार्यात मिरवायचा, परतीला पर्समध्ये टाकायचा. आई नात्यातल्या बायकांना माझा नंबरसुद्धा सांगायची. मला त्या चष्म्यात गुदमरायला व्हायचं.

माझं अपील फेटाळल्याचं सरांना कळलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नांदेडला जाणं बंद केलं. लातूरच्याच भर बाजारातल्या डोक्याच्या डॉक्टरकडं स्वतःच्या नावानं केसपेपर काढला आणि रस्त्याकडं तोंड करून पहिल्या खुर्चीत बसायला लागले, डोक्यावर टोपी नाही, गळ्यात दोरी तशीच. गावभर झालं. आईबापांनी पोरं काढून नेली. साठ पोरांचं मैदान अकरावर आलं. मला अपराधी वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अकरा हायत की. अकरावर क्रिकेट होतं. फिकर करू नको."

एकदा मैदानावर सरांना भेटून मी थेट चाकूरला निघाले होते, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेतला. डोळ्याला लावून मैदानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. विचारलं, "ह्याच्यातून तुला काही जादा दिसतंय?" मी नाही म्हटलं. त्यांनी शर्टाच्या टोकानं काचा पुसून चष्मा परत दिला.

सर गेले ते हार्टनं, मैदानावरच, सकाळी पोरं पळत असताना. मातीला गर्दी बरी होती. मागं उभी असलेली दोघं जण बोलत होती की माणूस सोन्यासारखा, फक्त शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता. मला भयंकर संताप आला. सर शेवटी शेवटीच तर सगळ्यात शहाणे झाले होते.

तिथून मी सरळ चाकूरची एसटी धरली. डोळे रडून सुजलेले, चष्म्याची आठवणच राहिली नाही. ओसरीवर शेजारच्या सुमनकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या. "अगं, चष्मा कुठंय?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला. मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "लेझरचं ऑपरेशन केलं की तिनं. गेला नंबर."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "मग आता काय अडचण हाय, बाई? भर की पुन्हा फॉर्म."

आई दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे मला गप्प राहा म्हणत होते. मी रस्त्याकडं तोंड करून काकूंच्या शेजारी पायरीवर बसले.

"काकू, माझे डोळे पहिल्यापासून चांगले आहेत," मी म्हटलं. "मी कशात गेले ते सांगते."