अठ्ठी आल्यावर बँकर का थांबतो

मकाऊतला आमचा स्वेटरचा कारखाना बंद पडला तेव्हा सोक-वाई त्रेचाळीस वर्षांची होती. बावीस वर्षं ती काजं करत होती, मी शेजारी बसून बटणं लावत होते. आम्ही दोघींनी मिळूनच कॅसिनोत पत्ते वाटायचं शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. मला नोकरी हवी होती. तिलाही हवी होतीच, पण तिला प्रत्येक गोष्टीचं कारणही हवं असायचं.

बॅकरा हा पत्त्यांचा खेळ आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत, असं म्हणतात. तरी वर्गात उन सरांनी मुळापासून सुरुवात केली. बाजू दोनच, प्लेअर आणि बँकर. ती नुसती नावं. गिऱ्हाइकानं वाटेल त्या बाजूवर पैसे लावावेत. दोन्हीकडे दोन-दोन पानं पडतात. एक्का एक, दुर्री ते नव्वी जशीच्या तशी, दश्शी आणि चित्रं शून्य. बेरीज दहा झाली किंवा वर गेली तर शेवटचा आकडा तेवढा धरायचा. म्हणजे सत्ती-अठ्ठी पंधरा नाहीत, पाच. नऊच्या जास्त जवळ ती बाजू जिंकली.

इथवर सोपं. अडतं ते तिसऱ्या पानाशी. पहिल्या दोन पानांतच कुणाचे आठ किंवा नऊ झाले तर खेळ तिथंच संपला. नाहीतर प्लेअर पाचापर्यंत असेल तर पान घेतो, सहा-सातवर थांबतो. बँकरनं मात्र प्लेअरचं तिसरं पान बघून ठरवायचं, आणि त्याचा तक्ता भिंतीवर टांगलेला. "बँकर तीनवर असला की पान घेतो," सर म्हणाले. "फक्त प्लेअरला अठ्ठी आली तर घेत नाही."

"का घेत नाही?" सोक-वाईनं विचारलं.

"बाई, पाठ करा. टेबलावर 'का' विचारायला वेळ नसतो."

तिनं तक्ता वहीत उतरवून घेतला. पण घरी गेल्यावर जेवणाचं टेबल पुसून तिनं पत्ते मांडले. सासरे, कुओक हेंग, पेज पीत समोर बसले होते. उदबत्तीच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस, खेळायला मात्र पक्का.

"मामंजी, प्लेअर पान घेतो म्हणजे त्याच्याकडे शून्य ते पाच यांतलंच काहीतरी असणार ना?"

"असणार."

तिनं सहा पानं ओळीनं लावली. शून्याला राजा, मग एक्का ते पंजी. "आता प्रत्येकात आठ मिळवा."

म्हातारबांनी बोटांवर मोजलं. "आठ. नऊ. मग शून्य, एक, दोन, तीन." ते थांबले. "अगं, पान घेऊन प्लेअर तर मागंच पडतोय."

"सहातल्या तीन वेळा बँकर तीनवर नुसता बसला तरी जिंकतो. एकदा बरोबरी. मग कशाला हात लावायचा?"

"साठ वर्षं खेळलो, हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नसेल."

"सून वकील व्हायची होती," म्हातारबा पेजेच्या वाडग्याला म्हणाले.

नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, तिच्या टेबलावर तेच घडलं. मी शेजारच्या टेबलावर होते. फोशानहून आलेल्या एका जाड्या गृहस्थानं प्लेअरवर बरंच लावलं होतं. प्लेअर चार, बँकर तीन. तिसरं पान त्यानं रिवाजाप्रमाणे स्वतः उचललं आणि लांब कडेनं हळूहळू वाकवून बघू लागला. कडेला दोन ठिपके दिसले असते तर चौकी किंवा पंजी, म्हणजे जवळपास जीतच. दिसले तीन. पान अठ्ठी निघालं. चार आणि आठ, दोन.

सोक-वाईनं बँकरची बाजू जाहीर केली. "बँकर तीन. बँकर जिंकला."

"थांबा बाई," तो म्हणाला. "त्याचे तीनच आहेत. त्याला पान द्या. नवीन दिसताय."

"नवीन आहे. पण पान नाही देता येत."

त्यानं देखरेखीवरच्या माणसाला बोलावलं. देखरेखवाल्यानं पानांकडे एकदा बघितलं, मान हलवली. "बरोबर आहे यांचं."

सोक-वाईनं पैसे उचलले. गृहस्थ मात्र उठला नाही. रागावलेलाही वाटेना.

"पण असं का?" त्यानं विचारलं.

"शून्यापासून पाचापर्यंत एकेकात आठ मिळवून बघा," ती खाली मान घालून म्हणाली.

तो खरंच बोटांवर मोजत बसला. पुढचा डाव तसाच निघून गेला. देखरेखवाला खाकरला. मोजून झाल्यावर गृहस्थ म्हणाला, "हुशारीनं ठेवलंय. पण हरलो ते हरलोच."

"हो," ती म्हणाली.

त्या दिवशी सुट्टीत तिनं मला चहा पाजला आणि मलाही ती सहा पानं समजावली. मी तक्ता पाठच केला होता, कधी विचार केला नव्हता. नोकरीत ती टिकली. हल्ली तिला दुसरंच कोडं पडलंय: बँकरवर लावून जिंकलेल्या पैशांतूनच शेकडा पाच का कापतात, प्लेअरवरच्या का नाही. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसते, ओठ हलवत बेरजा करते, आणि आमचा थांबा आला की मला तिला हलवावं लागतं.