सोमवारखालचा रविवार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू.

मी नांदेडला राहतो. घरूनच वेबसाइट बनवतो — दवाखान्यांच्या, शिकवणी वर्गांच्या. लातूरच्या एका डायलिसिस सेंटरचं कामही माझ्याकडे होतं. किडन्या निकामी झालेली माणसं तिथं ठरलेल्या वारी येतात, मशीनवर रक्त साफ करून घेतात, घरी जातात. वार चुकला की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. हे मला माहीत होतं. नव्हतं असं कसं म्हणू?

डॉक्टरांना वेबसाइटवर कॅलेंडर हवं होतं. पेशंटनं मोबाइलवर लिंक उघडली की त्याचा दिवस हिरवा दिसावा. असं कॅलेंडर तयार मिळतं. ते आणायचं आणि आपल्याला हवं तसं वळवून घ्यायचं. मी रंग बदलले, महिन्यांची नावं मराठीत केली. डॉक्टर म्हणाले, आठवडा सोमवारपासून सुरू करा. तयार कॅलेंडर रविवारपासून होतं. सोपं काम — वरची वारांची ओळ सरकवायची आणि खालच्या तारखाही तेवढ्याच सरकवायच्या. कॉम्प्युटरच्या पानावर मी दोन्ही केलं. मोबाइलच्या पानावर फक्त वरची ओळ सरकवली. तारखा जागच्या जागीच. रविवारची तारीख सोमवारच्या नावाखाली जाऊन बसली.

एकदा माझ्याच फोनवर उघडून भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहायचं होतं. किती वेळ लागला असता? पण दिवाळी तोंडावर होती, घरात रंगकाम काढलं होतं — जाऊ द्या. कारणं सांगायला बसलो नाही मी.

लक्ष्मीपूजन सोमवारी आलं. सेंटर बंद राहणार, म्हणून सोमवारच्या पेशंटना आदल्या दिवशी, रविवारी बोलावलं होतं. रिसेप्शनवरच्या सुमनताईंनी तसं नव्या कॅलेंडरवर टाकलं, सगळ्यांना पहिल्यांदाच लिंक पाठवली. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं.

बाकीच्यांनी तारीख वाचली. औशाच्या देवराव मामांनी वार वाचला. मामा जन्मभर आठवडी बाजारांत मसाले विकत फिरलेले. त्यांचं अख्खं आयुष्य वारांवर चाललेलं. कॅलेंडरवर सोमवार हिरवा होता, आणि ते होतेही सोमवारचेच. शंका कशाची यायची?

सोमवारी मुलीला घेऊन ते बसनं लातूरला आले. शटर खाली. सणाचा दिवस, फोन कुणी उचलेना. परत गेले. संध्याकाळी श्वास लागला. दुसऱ्या दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच संपले.

डॉक्टरांचा फोन आला — "तुमच्या कॅलेंडरमध्ये काही गडबड आहे का हो?"

"बघून सांगतो," म्हणालो. मोबाइलवर उघडलं. पाहिलं. आधी मी तारखा सरकवून जागेवर आणल्या. मग फोन लावला. "कॅलेंडर बरोबर आहे, सर."

दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. मामांची मुलगी आलेली होती. तिनं डॉक्टरांसमोर लिंक उघडली आणि बघतच राहिली. हिरवा रविवार.

"साहेब, इथं सोमवारच होता. म्या बी बघितलं. बाबांनी बी बघितलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "होता ना हो?"

मी म्हणालो, "आधी सोमवार दाबला गेला असेल. नंतर कुणीतरी दुरुस्त केला असेल."

कुणीतरी. नाव घ्यायची गरजच नव्हती. त्या कॅलेंडरवर दिवस टाकणारं माणूस एकच होतं.

"मी रविवारच टाकला होता, दादा," सुमनताई म्हणाल्या. "नंतर हातबी लावला न्हाई. तुम्हीच बघून सांगा की यांना."

कुणी कधी काय टाकलं याची नोंद मागे राहते. मी ती तिथल्या तिथे उघडून दाखवू शकलो असतो. मी म्हणालो, "तसं काही दिसत नाही त्यात." सुमनताईंना त्याच आठवड्यात काढून टाकलं. सेंटरचं काम अजून माझ्याकडेच आहे.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. पण यंदा लातूरला एका लग्नात गेलो, पंगतीत बसलो, आणि पुऱ्यांचं ताट घेऊन सुमनताई समोर आल्या. केटररकडे वाढायच्या कामाला होत्या. उठून जावंसं वाटलं. त्यांनीच ओळख दिली, घरचं विचारलं. मग वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, लई आठवून बघितलं. पहिल्यांदा सोमवारच दाबला असंल का हो म्या? आता मलाच वाटायलंय, माझ्याच हातानं गेला तो माणूस."

एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं — निदान मला तसं वाटतं. आणि मी काय बोललो?

"जाऊ द्या, ताई. माणसाच्या हातून होतं."

त्यांचे डोळे भरून आले. माझे उपकार झाल्यासारखं पाहिलं त्यांनी. माझ्या ताटात एक गरम पुरी वाढली आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

मी ती पुरी खाल्ली.