नुसता ढोल वाजतो ती जागा

मुरबे गावातल्या आमच्या अंगणात बांबूवर वाळलेले बोंबील काढले, तेच आमा नवराबायकोचं शेवटचं काम. आत तवा वाजत होता. गाण्याच्या तबकडीला आमी तवाच म्हणतो. तारापूरच्या वसाहतीत ही मासळी विकायला जायची, तिथल्या एका मडमेनं अमेरिकेला परत जाताना तो हिला दिलेला. त्यातला काळा माणूस ओरडून गातो, मग मधेच गप होतो आणि नुसता ढोल वाजतो. तेवढ्या जागेत ही ठोक्यावर मला टोमणे हाणायची, "हात चालव म्हाताऱ्या, जीब नको हालव!" त्याच संध्याकाळी ती बसल्या जागी गेली. मी तवा गुंडाळून ठेवला.

परवा बोईसरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तोच ढोल वाजला. त्यावर कोणी पोरगा भराभर बोलत होता. "ये मेरा तवा हाय!" मी ओरडलो.

"चाचा, तवा बर्तनवाले के पास मिलेगा," दुकानदार हसला. मग नीट समजावलं. जुन्या तव्यांतला ढोल उचलतात आणि त्यावर यमकं जुळवून बोलतात. रॅप म्हणतात, जगभर चालतं.

म्हणजे माझी बायको एवढी वर्षं तेच करत होती! आणि तिचं एकबी बोलणं कोणी तव्यात धरून ठेवलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तवा लावला. ढोल आल्यावर तिचे टोमणे म्हणून बघितले. आठवले सगळे, पण माझ्या तोंडून ठोक्यावर एक बसेना. शेजारीण दारात आली. "काका, कोणाशी भांडता?"

मी सुई परत ढोलाच्या जागेवर मागं घेतली.