तेरा नंबर खाली

प्रसन्न धर्माधिकारीच्या पायाला स्वस्थता कशी ती ठाऊकच नव्हती. हजरतगंजातल्या ऑफिसात तो खुर्चीत बसला की शेजाऱ्याचं टेबल हलायचं, आणि महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी जेवताना बायको, चित्रा, त्याचा गुडघा दाबून धरायची. लखनौत दहा वर्षं काढून भाजीवाल्याशी हिंदीत झकास घासाघीस करायचा, पण डोकं अमरावतीचंच राहिलं. कोड लिहिताना तर पुटपुटायचाही मराठीत.

२०१७च्या उन्हाळ्यात त्याचे वडील, मधुसूदनराव, राहायला आले आणि आठवड्यात दम्याने बेजार झाले. प्रसन्नने त्यांना जवळच्या खाजगी इस्पितळात नेलं. तिथे रिकाम्या बेडचा आकडा दाखवणारा भिंतीवरचा बोर्ड त्यानेच तयार केलेला होता. काउंटरवरच्या गजेंद्रने त्याकडेच बोट दाखवलं.

"सब फुल है, साहब. कहीं और देख लीजिए."

वडिलांचे ओठ निळसर पडत चालले होते. प्रसन्न नुसता येरझाऱ्या घालत राहिला. स्वतःच्याच बोर्डाशी हुज्जत घालणार तरी कशी?

तेवढ्यात जाताजाता नंदा सिस्टर म्हणाल्या, "तेरह नंबर तो सुबह से खाली है."

"सिस्टम में भरा है," गजेंद्र म्हणाला.

मधुसूदनराव भिंतीला धरून उठले आणि जिन्याकडे वळले.

"बाबा, कुठे निघालात?"

"ती खाली म्हणाली ना. चल खाली."

प्रसन्नचे पाय जागच्या जागी थांबले. बाबांनी केली तीच चूक त्यानेही केली होती.

प्रत्येक बेडची सगळी माहिती डेटाबेसात एकाच रकान्यात, 'जेसन' नावाच्या मांडणीच्या गाठोड्यात बांधलेली असायची. त्यातून हवी ती गोष्ट नावाने उपसून काढणारी क्वेरी त्याची. 'नोट' या नावाखाली सिस्टर लोक 'खिडकी के पास', 'कोने में' असं लिहीत. त्यात त्याला 'khali' दिसलं, तेव्हा हिंदीतलं 'रिकामा' न सुचता हीसुद्धा जागाच समजून त्याने बिनधास्त 'तळमजला' करून टाकलं. बेड रिकामा झाल्याचं बटण वेगळं होतं, पण कामाच्या धबडग्यात ते शोधतंय कोण? म्हणून रिकामे बेड बोर्डावर भरलेलेच राहत होते.

"गजेंद्रभाई, गलती मेरी है. तेरह नंबर दीजिए, मैं लिखकर देता हूँ."

तेरा नंबरच्या बेडवर बाबांना ऑक्सिजन लावला गेला. त्यांच्या उशाशी बसून प्रसन्नने लॅपटॉप उघडला आणि ती ओळ दुरुस्त केली. मग जुन्या नोंदींतून 'khali' लिहिलेले बेड काढले. यादी खाली खाली सरकतच राहिली, तशी त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बोर्ड फेब्रुवारीपासून लागलेला होता.

त्याचा पाय पुन्हा हलायला लागला. बेड हलल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि मास्क जरा बाजूला केला.

"आता काय शोधतोस?"

"आपल्याआधी इथून परत गेलेली माणसं."

"मग, सापडली?"

"नाही, बाबा. त्यांची नोंद ठेवायला मी जागाच केली नव्हती."