निंबोल्यातल्या दोन चुली

लोटू पाटलाचं घर दोन वर्षं नुसतं बोलण्यातच उभं होतं. नवी राज्यं होणार, कोणी म्हणे इच्छापूर मुंबईकडे जाईल, कोणी म्हणे बऱ्हाणपूरही जाईल. कोर्टकचेरी कुठं पडणार हे कळेपर्यंत निंबोल्यात नवी वीटसुद्धा लावायची नाही, असं लोटूनं ठरवलं होतं. छप्पन सालच्या दिवाळीत राज्य झालं, राजधानी नागपूरची भोपाळला गेली आणि निंबोला होता तिथंच, मध्य प्रदेशात राहिला. त्याच आठवड्यात लोटू बऱ्हाणपूरच्या राजघाटाकडच्या चुडामण गवंड्याला घेऊन आला.

सरुबाई ही लोटूची थोरली बायको. लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा सासूनं इच्छापूरची कोकिळा धाकटी म्हणून आणली. सरुबाईला कोणी विचारलं नाही, पण कोणी छळलंही नाही. कोकिळेला दोन लेकरं झाली, दोघं सरुबाईच्या मांडीवर वाढली. पुढं सासू वारली. त्या घरात दुःख म्हणावं असं फारसं नव्हतं. होती ती एकच चूल, आणि तिच्यासमोर आठ वर्षं दोन बायका.

एकीनं मीठ घातलेल्या वरणात दुसरी पुन्हा मीठ घाली. कोकिळेला तिखटजाळ लागे, सरुबाईला पचत नसे. भांडण कधी झालं नाही. सरुबाई नुसती सोमवार, गुरुवार, एकादशी असे उपास वाढवत गेली. एवढे उपास देवालाही नको असतील, हे तिला कळत होतं. पण त्या दिवशी चुलीपाशी जावं लागत नसे.

चुडामणनं जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढल्या. लोटूला माडी हवी होती, शहरातल्यासारखी, पुढं लाकडी कठडा असलेली.

"माडीचं मागून पाहू भाऊ," चुडामण म्हणाला, "चूल कुठं मांडू ते सांगा."

"मागच्या अंगाला. मोठी, ऐसपैस."

पाण्याची घागर घेऊन सरुबाई तिथंच उभी होती. काय झालं तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, "चुली दोन मांडा. दोन बाजूंना."

लोटूनं तिच्याकडे पाहिलं. "घर बांधायचं का फोडायचं?" एवढं बोलून तो शेताकडे निघून गेला. कोकिळा दारात होती, तिनं मान खाली घातली.

त्यानंतर घरात कोणी धड बोलेना. सरुबाईला वाटलं, मूल नसलेल्या बाईनं वेगळी चूल मागितली म्हणजे आपणच आपली जागा सोडली. आता मागचं खोपट मिळालं तरी पुष्कळ.

कापूस वेचताना कोकिळा तिच्या ओळीत आली.

"जिजी," कोकिळा म्हणाली, "तुम्ही बोलल्या ते मलेच बोलायचं होतं. तीन सालापासून."

"मंग बोलली का नाही?"

"मी बोलली असती तर गाव म्हनलं असतं, धाकटीनं थोरलीले भायेर काढलं."

सरुबाई ओटीतल्या कापसासकट बांधावर बसली. आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू आलं. कोकिळाही शेजारी टेकली. एकमेकींना चुकवत काढलेल्या वर्षांचं त्या दिवशी दोघींनी पोटभर बोलून घेतलं, आणि वेचणी अर्धीच राहिली.

संध्याकाळी दोघी मिळूनच लोटूसमोर उभ्या राहिल्या. कोकिळेनं सांगितलं, माडी नको, त्या लाकडाविटांत दुसरं स्वयंपाकघर काढा. पुढचा ओटा एक, देव एक, लेकरं दोन्हीकडं.

लोटू सुपारी कातरत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अन् मी कुठं जेवू?"

हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्याला आठ दिवस हीच धास्ती होती, हे सरुबाईला तेव्हा उमगलं.

"सकाळी तिच्याकडं, संध्याकाळी माझ्याकडं," ती म्हणाली. "लगनाचं, पाहुन्यांचं कोनत्या चुलीवर रांधायचं, ते ज्या त्या वेळेले पाहू."

"असं असंल तर ठीक आहे," लोटू म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच चुडामणला बोलावून रेघा पुसून नव्यानं ओढायला लावल्या.

वैशाखात, आखाजीच्या सणाला नव्या घरात चुली पेटल्या. सरुबाईनं तुरीचं वरण केलं, दोन भाकऱ्या थापल्या, आणि कोणाची वाट न पाहता गरम गरम जेवली. पलीकडून कोकिळेच्या फोडणीचा ठसका आला, तशी ती खोकत खोकत उठली आणि मधलं दार लोटून घेतलं. मग पदर डोक्याखाली घेऊन तिथंच, सारवलेल्या गार जमिनीवर आडवी झाली. ऊन कलेपर्यंत तिला कोणी उठवलं नाही.