समोरासमोर, ओरेगनच्या पावसात

ट्रेलरच्या छतावर पाऊस सुरू झाला की आपण कुठेतरी निघालोय असं वाटायचं. खरं तर चाकांना ठोकळे लावलेले असायचे आणि पिकअप बाजूला थंडगार उभा. तरी वाटायचं. ओरेगनच्या किनाऱ्यावरचा हिवाळी पाऊस कोसळत वगैरे नाही, पण थांबायचं नावही घेत नाही. बाहेर फरची झाडं धुक्यात अर्धी दिसायची, अर्धी नाहीत, आणि आत मी कुणा अनोळखी माणसाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला इन्शुरन्सचे कोड लावत बसलेली असायचे. माझी नोकरीच ती. समोरच्या बाकावर नवरा, हेडफोन लावून, त्याच्या सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये. आयुष्यभर त्यांना 'अहो' म्हणत आले, तेव्हा इथेही 'हे'च म्हणते.

आमचं घर ओहायोमधल्या डब्लिनला. चार बेडरूम, खाली तळघर. मुलगी नोकरीला सनीव्हेलला गेली आणि त्या घरात आम्ही दोघं राहत होतो, इतकंच म्हणता येईल. हे दिवसभर तळघरात, मी वर स्वयंपाकघरात. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी हाका मारायचे. उत्तर नाही. मग धाडधाड खाली उतरून भांडायचे. "पालथ्या घड्यावर पाणी!" हे वाक्य त्या जिन्याने हजारदा ऐकलं असेल. माझ्या तोंडाचा पट्टा चालतो, ते मी नाकारत नाही. पण पुढे पुढे मी हाकाच मारेनाशी झाले. जेवण झालं की ताट झाकून ठेवायचे. ते दिवस भांडणाच्या दिवसांपेक्षा वाईट होते.

आणि एक दिवस हे जेवताना म्हणाले, "आपण एक सेकंडहँड ट्रेलर घेऊ. वर्षभर फिरू. काम काय, दोघांचंही लॅपटॉपवरच आहे. देश बघायचा राहून गेलाय."

सुट्टीवर निघायचं तर दोन महिने एक्सेल शीट बनवणारा हा माणूस! मी डॉक्टरकडे न्यायच्या बेतात होते. पण घर एका कुटुंबाला वर्षाच्या करारावर भाड्याने दिलं आणि आम्ही खरंच निघालो. पश्चिमेकडे सरकत सरकत, हिवाळा लागता लागता, कूस बेच्या जवळच्या एका आरव्ही पार्कमध्ये, अशा चाकांवरच्या घरांच्या तळावर, येऊन टेकलो.

पलंगापासून दारापर्यंत आठ पावलं. मेतकुटाचे खडे झाले, पापड चामड्यासारखे लवायला लागले, खिडकीच्या रबरावर शेवाळ आलं. सकाळी काच पुसली की बाहेरचं जग दिसायचं, पोळ्या होईपर्यंत पुन्हा नाहीसं व्हायचं. किती वाजले, कुठला वार, काही कळायचं नाही. आणि त्या ओल्या, दुधट उजेडात एक नवल घडलं. हे माझ्याकडे बघायला लागले.

खरंच सांगते. मी काही बोलायला लागले की हातातलं काम थांबायचं, लॅपटॉप अर्धा मिटायचा, आणि हे वळून सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. वाक्य संपेपर्यंत. भाजी चिरता चिरता मी काही पुटपुटले तर उठून शेजारी यायचे, ओणवे होऊन विचारायचे, "काय म्हणालीस?" एकतीस वर्षांच्या संसारात माझं बोलणं कुणी असं कान देऊन ऐकलं नव्हतं. पावसाचा आवाज एवढा की दोघांनाही जवळ यावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे, पण मनातून फुलायचे. सकाळी आठ वाजता, जिथे बघायला फक्त फरची झाडं, तिथे मी लिपस्टिक लावायला लागले. हसायचं तर हसा.

मी सुखात होते आणि म्हणूनच घाबरलेली होते. कारण मार्च लागताच भाडेकरूंचा मेल आला. आणखी एक वर्ष राहायला मिळेल का, महिनाअखेरीपर्यंत कळवा. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, इनफ नाऊ. गो होम, प्लीज." हे म्हणाले, "बघू." मला मात्र परत जायचं नव्हतं. त्या घरात तळघर होतं, जिना होता. तिथे गेल्यावर हे पुन्हा खाली उतरणार आणि मी पुन्हा ताट झाकणार. पण ते यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्ही माझ्याकडे बघता म्हणून मला इथेच राहायचंय, असं या वयात कुणी बोलतं का?

एका मंगळवारी पाऊस थांबला. एकोणीस दिवसांनी. इतकी शांतता झाली की मला पहिल्यांदा फ्रिजची घरघर ऐकू आली. त्या आनंदात मी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या, पंखा लावायचा विसरले, आणि धुराचा अलार्म किंचाळायला लागला. तो आवाज म्हणजे कानात सुई. मी खोकत, डोळे पुसत टॉवेलने वारा घालत होते. दार धाडकन उघडलं. शेजारच्या ट्रेलरमधले म्हातारे गृहस्थ, जन्मभर लाकूडतोडीच्या कामावर असलेले, हातात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभे.

आणि हे? माझ्याकडे पाठ करून, हेडफोनसुद्धा न लावता, शांतपणे टाइप करत होते.

मी अलार्म बंद केला. म्हाताऱ्यांनी यांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्वतःच्या कानामागचं छोटं यंत्र बोटाने दाखवून म्हणाले, "हिम टू, हं?"

ते गेल्यावर मी यांच्या पाठीशी उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो, घर पेटलंय." काहीच नाही. बोटं चालूच. मिरचीचा धूर पोचला तेव्हा हे शिंकले आणि वळले.

त्या दुपारी सगळं बाहेर आलं. यांचे कान जायला लागून दोन वर्षं झाली होती. बारीक, उंच आवाज आधी गेले, मग बोलण्यातले निम्मे शब्द. मीटिंगमध्ये पडद्यावर खाली अक्षरं उमटतात, त्यावर निभावत होते. टीम सगळी तिशीतली, त्यांना कळलं तर म्हातारा म्हणून बाजूला बसवतील, ही भीती.

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडायचीस. मी मुद्दाम करतो म्हणायचीस. मग तू हाका मारणंच थांबवलंस. मला वाटलं, संपलं सगळं." यांनी लॅपटॉप बाजूला सारला. "म्हणून ट्रेलरचं काढलं. इथे तू कायम समोर असतेस. तोंड दिसतं. ओठांवरून बरंच कळतं मला आता. तू लिपस्टिक लावतेस ना, ते फार बरं पडतं."

माझा असा संताप झाला! मी ओल्या चपला घालून बाहेर पडले आणि पार्कच्या टोकाला, खाडीपाशी जाऊन उभी राहिले. ओहोटी लागली होती. चिखलात बगळे उभे होते. मी रडले. हे बहिरे झाले म्हणून नाही, खोटं कशाला बोलू. ते बघणं माझ्यासाठी नव्हतं, ओठांसाठी होतं, म्हणून रडले. आणि ज्या माणसाला ऐकू येत नव्हतं त्याला मी पालथा घडा म्हणत होते, ते नंतर आठवलं, मग त्याच्यासाठी वेगळी रडले.

म्हाताऱ्यांनीच गावातल्या कान तपासणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. दोन आठवड्यांनी यंत्रं आली, भुईमुगाच्या शेंगेएवढी. घालून बाहेर आले आणि गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "इंडिकेटर वाजतो?" मग रस्ताभर गप्प, नुसते ऐकत. माझ्या बांगड्या, वायपर, टायरखालचं पाणी. यांचा चेहरा असा झाला होता की मी माझा सगळा राग गिळला.

आठवड्याभरात हे माणसात आले. मीटिंगमध्ये ताठ बसायला लागले, पडद्यावरची अक्षरं बंद केली. विनोद करायला लागले. मी काहीही म्हणावं, पलंगावरून, पाठमोरे, लॅपटॉपमध्ये डोकं घालून अचूक उत्तर यायचं. "हो." "लावलं दार." "दोन पोळ्या." सगळं बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण माझ्याकडे बघायचं काही कारण उरलं नव्हतं. मी भांडी आपटायचे.

"हळू आपट, आता ऐकू येतं मला," हे हसून म्हणायचे. न बघता.

महिनाअखेर आली. बाहेर पुन्हा संततधार. मी सिंकपाशी कप विसळत होते. मागून यांचा आवाज आला, "भाडेकरूंना 'नाही' म्हणून कळवून टाकतो. आता कान ठीक झालेत, घरी जायला काही हरकत नाही."

मी तोच कप पुन्हा विसळला. "अगं?" हे म्हणाले. मी वळले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "तिथे गेलं की तुम्ही माझ्याकडे बघणार नाही."

यांनी आधी कानातलं यंत्र चाचपलं. बॅटरी गेली असं वाटलं असणार. मग माझ्याकडे बघितलं. लॅपटॉप मिटला, उठून समोर आले. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तसंच, आवाजाशिवाय. यांना समजलं. समजल्याचं मला दिसलं, कारण यांचे डोळे भरले.

मग यांनीही तेच केलं. नुसते ओठ हलवले. छोटंसं काहीतरी म्हणाले.

मला कळलं नाही. "पुन्हा सांगा," मी म्हणाले. यांनी पुन्हा सांगितलं. तरी नाही. जन्मभर माझे कान शाबूत, त्यामुळे बोलताना यांच्या तोंडाकडे मीच कधी बघितलं नव्हतं. जिन्याच्या वर उभी राहून ओरडले, ताट झाकलं, पण बघितलं नाही. माझे हात ओले होते. मी एक पाऊल पुढे झाले आणि तिसऱ्यांदा नीट बघितलं.

"राहू या," असं हे म्हणत होते.