लेकीचं लाल कार्ड

मुलगी दीड वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची मुलं वजनकाट्यावर ठेवत होते आणि माझी घरी कण्हत होती. अक्कलकुव्याला दवाखान्यात तिघांचं रक्त तपासलं. तिला सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं लाल कार्ड मिळालं, आम्हा नवरा-बायकोला पिवळं.

सिस्टरने समोर बसवून समजावलं. "पिवळं म्हणजे वाहक. तुम्हाला त्रास नाही. पण दोघंही वाहक असलात की दर बाळंतपणाला चारात एक वेळा असं मूल होऊ शकतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष एकत्र आले तरच हा आजार होतो."

घरी सासू म्हणाली, "आमच्यात असलं काही नव्हतं. हे हिच्या माहेरचं."

तीन दिवस मी नीट झोपले नव्हते. भांडायचं त्राण नव्हतं. नवरा चुलीपाशी बसला होता. तो म्हणाला, "आई, निम्मं माझ्याकडून आलंय. माझंही कार्ड पिवळंच आहे."

सासू उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी नातीच्या सुजलेल्या बोटांवरून हात फिरवत ती म्हणाली, "माझी दोन अशीच गेली. बोटं अशीच झालेली. मला वाटायचं, माझंच काही चुकलं." त्यानंतर तिने मला कधी बोल लावला नाही.

पुढे मुलगा झाला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. तो वाहक निघाला, आजारी नाही.

मुलगी आता बारावीला आहे. रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, सगळं सांभाळते. तरी वर्षातून दोन-तीनदा दुखणं उठतंच. मग नंदुरबारचा दवाखाना, सलाईन, कधी रक्त. कोणी विचारलं तर मी "बरी आहे ती" एवढंच म्हणते. पुढे सांगायचाही कंटाळा येतो.

गेल्या खेपेला दुपारी दुखणं उतरल्यावर तिने विचारलं, "आई, मी लग्न केलं तर मुलंही अशीच होतील?"

"नवऱ्या मुलाचं रक्त लग्नाआधी तपासायचं. त्याच्यात काही नसेल तर तुझी सगळी मुलं माझ्यासारखी. वाहक, पण दुखणं नाही."

"आणि तो वाहक निघाला तर?"

"तर दर बाळंतपणाला निम्मी भीती."

"मग मी आधीच त्याचं कार्ड विचारीन," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मीही तिच्या पायाशी आडवी झाले.